स्वतःचं मत नसलेली बाई

शाळेत मराठी शिकलेल्या प्रत्येकानं 'स्वभावचित्रण करा' या प्रश्नाचं उत्तर कधी ना कधी लिहिलेलं असतं. उत्तराचा साचा ठरलेला. अमुक हे या कथेतील प्रमुख पात्र आहे, ते स्वभावाने प्रेमळ, कष्टाळू पण काहीसे भोळे आहे. मग 'प्रेमळ'साठी एक प्रसंग, 'कष्टाळू'साठी दुसरा, आणि शेवटी 'अशा प्रकारे'नं सुरू होणारं एक वाक्य. मी तीस वर्षं ही उत्तरं तपासली. खरं सांगायचं तर तीस वर्षं हीच उत्तरं शिकवलीही. लाल पेन हातात घ्यायचं, विशेषणं मोजायची आणि गुण द्यायचे. त्यात काही चुकतंय असं वाटायला फुरसतही नव्हती.

निवृत्त झालो, पेपरांचे गठ्ठे घरी येणं थांबलं, आणि एक जुनी रशियन गोष्ट पुन्हा वाचायला घेतली. वाचून झाल्यावर सवयीनं मनातल्या मनात तिच्यातल्या बाईचं स्वभावचित्रण करून पाहिलं. ते एका वाक्यात झालं, अगदी पूर्ण गुण मिळावेत असं. आणि ते वाक्य तयार झाल्यावर लक्षात आलं, की गोष्ट वाचताना मला जे जे वाटलं होतं त्यातलं काहीही त्या वाक्यात नाही. असं का व्हावं, हे आज तुमच्याशी बोलायचं आहे.

गोष्ट अंतोन चेकॉव्हची. १८९९ साली प्रसिद्ध झालेली. तिचं नाव 'दुशेच्का'. रशियन भाषेत 'दुशा' म्हणजे आत्मा, जीव; त्याचं हे लाडाचं रूप. इंग्रजीत तिला 'द डार्लिंग' म्हणतात, पण त्या शब्दाला थोडा अत्तराचा वास येतो. गोष्टीत गावातल्या बायका बोलता बोलता मध्येच तिचा हात धरतात आणि न राहवून हा शब्द उच्चारतात. आपल्याकडच्या बायका अशा वेळी 'गुणाची गं बाई माझी' म्हणतील, तसं काहीसं.

ही गुणाची बाई म्हणजे ओलेन्का. एका निवृत्त सरकारी अधिकाऱ्याची मुलगी. गालांवर लाली, मऊ गोरी मान, मानेवर एक तीळ, आणि समोरचा काही चांगलं सांगू लागला की चेहऱ्यावर उमटणारं भाबडं हसू. तिला कुणावर तरी माया केल्याशिवाय राहवतच नाही. लहानपणी वडिलांवर, दोन वर्षांतून एकदा येणाऱ्या मावशीवर, शाळेत फ्रेंच शिकवणाऱ्या मास्तरांवर. मोठी झाल्यावर तिच्या आवारातल्या बाजूच्या खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या कुकिनवर तिचा जीव जडतो. हा गृहस्थ 'तिवोली' नावाची करमणुकीची बाग आणि तिथलं थिएटर चालवतो. बारीक अंगाचा, पिवळट चेहऱ्याचा, बोलताना तोंड वाकडं करणारा. रोज पाऊस पडतो आणि रोज त्याचा धंदा बुडतो. त्याचं रडगाणं ऐकता ऐकता तिचे डोळे भरून येतात. लग्न होतं. लग्नाच्या दिवशीही पाऊस पडतो आणि नवरदेवाच्या चेहऱ्यावरची निराशा काही हटत नाही.

लग्नानंतर ओलेन्का तिकीटखिडकीत बसते, हिशेब ठेवते, पगार वाटते. आणि भेटेल त्याला सांगू लागते, की जगात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे नाटक. पण लोकांना त्याची कदर कुठं आहे, त्यांना हवे असतात आचरट फार्स. हे सगळं कुकिनचं बोलणं आहे, ते आता तिच्या तोंडून येतं. नट मंडळी तिला चिडवतात, तिच्याकडून उसने पैसे नेतात, बुडवतात. ती कोपऱ्यात रडते, पण नवऱ्याकडे तक्रार करत नाही.

ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत कुकिन नवी नटमंडळी जमवायला मॉस्कोला जातो. एका रात्री फाटक वाजतं. तार आलेली असते. कुकिन एकाएकी वारला. आणि त्या तारेत चेकॉव्हनं एक विलक्षण गोष्ट केली आहे: तारेतल्या अंत्यविधीच्या शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं आहे, आणि एक शब्द तर असा, की त्याला काही अर्थच नाही. नवरा गेल्याची बातमी वाचताना वाचकाला हसू फुटतं आणि त्याच क्षणी त्या हसण्याची लाज वाटते. आपल्याकडची तारसेवा २०१३ साली बंद झाली. पण ज्यांनी रात्री-अपरात्री दारात तारवाला पाहिला आहे, त्यांना ही भीती वेगळी समजावून सांगायला नको. ही तार लक्षात ठेवा, ती पुन्हा लागणार आहे.

तीन महिन्यांनी देवळातून परतताना पुस्तोवालोव नावाचा लाकडाच्या वखारीचा कारभारी तिच्यासोबत चालतो, दोन धीराचे शब्द बोलतो. दुसरं लग्न. आता ओलेन्का वखारीत बसते, बिलं करते. तिच्या बोलण्यात लाकडाचे भाव, वाहतुकीचे दर. स्वप्नातही तिला फळ्यांचे डोंगर दिसतात, आणि ओंडके उभे राहून वखारीवर चाल करून येतात. कुणी नाटकाला चला म्हटलं, तर ती गंभीरपणे सांगते, आम्हा कष्टकरी माणसांना असल्या खुळांसाठी वेळ कुठला, आणि नाटकात चांगलं असतं तरी काय! सहा वर्षं सुखात जातात. मग गरम चहा पिऊन उघड्या डोक्यानं थंडीत गेल्याचं निमित्त होतं, आणि चार महिन्यांच्या आजारानंतर हाही नवरा जातो.

तिसरा स्मिर्निन, लष्करातला गुरांचा डॉक्टर. बायकोपासून वेगळा राहणारा, त्यामुळे इथं लग्न नाही. गावाला हे कळतं कसं? ओलेन्का एका ओळखीच्या बाईला सांगते, की आपल्या गावात गुरांची नीट तपासणी होत नाही, म्हणून रोगराई पसरते. एवढं बोलणं पुरतं. वेगळं काही कळवायची गरजच नाही. डॉक्टरचे सहकारी घरी आले की ती लाळ्या-खुरकतावर आणि कत्तलखान्यांवर बोलू लागते, तेव्हा हा माणूस तिचा हात घट्ट धरून दातओठ खातो: तुला कळत नाही त्यात बोलू नकोस. ती घाबरून विचारते, मग मी बोलू तरी कशाबद्दल?

मग त्याची पलटण दूर कुठंतरी हलते आणि ओलेन्का एकटी उरते. इथली दोन पानं मला या गोष्टीतली सगळ्यात भयंकर पानं वाटतात. तिला समोरच्या वस्तू दिसतात. बाटली दिसते, पाऊस दिसतो, गाडीवरून जाणारा शेतकरी दिसतो. पण ही बाटली, हा पाऊस कशासाठी, त्याचा अर्थ काय, हे तिला सांगता येत नाही. कशाबद्दलच काही मत नाही. ती जेवते, पितेसुद्धा जणू मनाविरुद्ध. वर्षं जातात, घराचा रंग उडतो, तिवोलीच्या आणि वखारीच्या जागी नवी घरं उठतात.

आणि एका जुलैच्या संध्याकाळी डॉक्टर परत येतो. केस पिकलेले, नोकरी सोडलेली, बायकोशी समेट झालेला. सोबत दहाएक वर्षांचा मुलगा, साशा. ओलेन्का त्यांना आपलं घर देते आणि स्वतः बाजूच्या खोल्यांत जाते. साशा भूगोलाच्या पुस्तकातून बेट म्हणजे काय ते मोठ्यानं वाचतो, आणि ओलेन्का त्याच्यामागून तेच म्हणते. कित्येक वर्षांच्या रिकामपणानंतर तिनं ठामपणे मांडलेलं हे पहिलं मत! बेटाच्या व्याख्येला मत म्हणणारा चेकॉव्ह इथं हसतो आहे हे उघड आहे. पण नुसता हसत नाही.

लवकरच साशाची आई बहिणीकडे खार्कोवला निघून जाते, बाप कामासाठी बाहेर, आणि पोर ओलेन्काच्या खोल्यांत येतं. आता तिच्या बोलण्यात शाळा, मास्तर, अवघड झालेला अभ्यासक्रम. ती रोज त्याच्या मागोमाग शाळेपर्यंत जाते, त्याच्या हातात खाऊ ठेवते. पोराला शरम वाटते. कोपऱ्यावर आल्यावर तो तिला परत जायला सांगतो. शेवटी एका रात्री फाटक पुन्हा वाजतं. तिचे हातपाय गार पडतात. खार्कोवहून तार आली, आईनं मुलाला बोलावलं! तार नसते. डॉक्टर क्लबातून घरी आलेला असतो. ती पुन्हा अंथरुणावर पडते, शेजारच्या खोलीत साशा झोपेत काहीतरी ओरडतो, आणि गोष्ट संपते.

तर स्वभावचित्रण. 'ओलेन्का ही प्रेमळ, भोळी, परावलंबी स्त्री असून तिला स्वतःचे मत नाही.' झालं. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली पात्रांचे दोन प्रकार सांगितले, ते आमच्या बी.ए.च्या वर्गात फार चालत: चपटी पात्रं आणि गोलाई असलेली पात्रं. चपटं पात्र एका वाक्यात मावतं. गोल पात्र आपल्याला चकित करतं आणि तरीही पटतं. या हिशेबानं ओलेन्का चपटी ठरायला हवी. ती बदलत नाही, काही शिकत नाही, पहिल्या नवऱ्याच्या वेळी जशी असते तशीच शेवटी. पण ती चकित करते! मग गडबड कुठं आहे?

मला वाटतं, गडबड आपण पात्र एकटं काढून पाहतो त्यात आहे. फोटोतून माणूस कापून घ्यावा तसं. गोष्टीतलं पात्र कधी एकटं नसतं. ते गोष्टीच्या चालीत अडकलेलं असतं. 'दुशेच्का'ची चाल आपल्या ओळखीची आहे. एकदा घडतं, दुसऱ्यांदा तसंच घडतं, तिसऱ्यांदा तसंच घडतं. आपल्या कहाण्यांची, आजीच्या गोष्टींची हीच चाल. पहिल्या वेळी आपण ओलेन्काला हसतो. दुसऱ्या वेळी हसू वाढतं, कारण आता पुढं काय होणार ते आपल्याला ठाऊक आहे. चार दिवसांपूर्वी नाटकाचे गोडवे गाणारी बाई वखारीत बसून नाटकाला नावं ठेवते. तिसऱ्या वेळी ते हसू थोडं अडखळतं, कारण तो डॉक्टर तिच्यावर खेकसतो. आतापर्यंत कुणी तिला तिचा प्रतिध्वनी परत फेकून मारला नव्हता. आणि मग चौथ्या वेळी चाल तीच, पण समोर पुरुष नाही, दुसऱ्याचं पोर आहे. ओलेन्का तसूभरही बदललेली नाही. आपण बदललो आहोत. जिला आपण पंधरा पानं हसलो, तिच्यासाठी फाटक वाजल्यावर आपल्याच छातीत धस्स होतं. आणि ते धस्स होतं याचं कारण ती पहिली तार, तिच्या त्या हास्यास्पद चुकीसकट, आपल्या डोक्यात बसलेली असते.

पु. लं.च्या 'व्यक्ती आणि वल्ली'वर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना ओलेन्का सुरुवातीला एक वल्लीच वाटते. फरक एवढाच, की व्यक्तिचित्रात लेखक वल्लीच्या शेजारी उभा असतो. तो हसला की आपण हसायचं, त्याचा गळा दाटला की आपला दाटतो. चेकॉव्ह शेजारी उभाच राहत नाही. ओलेन्का वाईट आहे की चांगली, मूर्ख आहे की थोर, याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. १८८८ च्या एका पत्रात त्यानं म्हटलं होतं, की प्रश्न सोडवणं आणि प्रश्न नीट मांडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लेखकावर बंधन आहे ते दुसऱ्या गोष्टीचं.

त्याचा परिणाम काय झाला पाहा. मॅक्झिम गॉर्कीला ओलेन्कात गुलामी दिसली. कुणीही थोबाडीत मारावी आणि हिनं हूं की चूं करू नये, अशी बाई. आणि टॉलस्टॉय? टॉलस्टॉय या गोष्टीच्या प्रेमातच पडला. घरी आलेल्या माणसांना तो ती पुन्हा पुन्हा मोठ्यानं वाचून दाखवी. त्यानं वाचकांसाठी निवडक मजकुराचा एक मोठा संग्रह केला, त्यात ही गोष्ट घेतली आणि तिला स्वतःचं एक टिपण जोडलं. त्यात तो म्हणतो, कुकिन हास्यास्पद आहे, त्याचं आडनाव, त्याच्या मरणाची तार, तो लाकूडवाला, तो डॉक्टर, सगळे हास्यास्पद. पण ज्याच्यावर प्रेम करते त्याला स्वतःला पुरतं वाहून टाकणारं ओलेन्काचं मन हास्यास्पद नाही, ते पवित्र आहे. चेकॉव्हला तिची टर उडवायची होती, पण त्याच्यातल्या कवीनं त्याचं ऐकलं नाही. टॉलस्टॉय बायबलमधल्या बलामचा दाखला देतो: शाप द्यायला बोलावलेला आणि तोंडून आशीर्वाद देऊन बसलेला.

पण मला त्या टिपणात जास्त आवडतो तो सायकलचा किस्सा. टॉलस्टॉय उतारवयात सायकल शिकत होता, एका मोठ्या बंदिस्त मैदानात. दुसऱ्या टोकाला एक बाईही शिकत होत्या. त्यांना धक्का लागू नये म्हणून तो सारखा त्यांच्याकडे बघत राहिला, आणि बघता बघता नेमका त्यांच्यावरच जाऊन आदळला. चेकॉव्हचं उलटं झालं, असं तो म्हणतो. ओलेन्काला पाडायचं म्हणून त्यानं तिच्याकडे टक लावून पाहिलं, आणि त्या पाहण्यानं तिला उचलून धरलं.

पात्र कसं तयार होतं याबद्दल इतकं नेमकं आणि इतकं गमतीदार मी दुसरीकडे वाचलेलं नाही. मात्र त्याच टिपणात टॉलस्टॉय पुढं जाऊन सांगतो, की प्रेम करणं हेच स्त्रीचं खरं काम, आणि सुशिक्षित स्वतंत्र बाईपेक्षा ओलेन्का श्रेष्ठ. इथं मी त्याची साथ सोडतो. ओलेन्काची रिकामी वर्षं, ती बाटली आणि तो पाऊस, त्यानं वाचलीच नसावीत असं वाटतं. जी माया कुणी समोर नसलं की माणसाला नुसतं पोकळ करून सोडते, ती थोर असेलही, पण आदर्श म्हणून मुलींपुढे ठेवावी अशी नाही.

हे मी इतक्या जोरात म्हणतो, त्याला घरगुती कारण आहे. माझी एक आत्या होती. लहान वयात विधवा झालेली. तीन भाऊ, प्रत्येकाकडे चार-चार महिने. थोरले काका रेल्वेच्या मालधक्क्यावर. त्यांच्याकडून आली की सांगायची, हल्ली वॅगन वेळेवर लागत नाहीत, काही खरं नाही. मधले काका कापसाच्या व्यापारात. तिकडून आली की सरकीचा भाव. आणि आमच्याकडे, मास्तरच्या घरात, महिनाभर राहिली की शेजारणींना ऐकवायची, आजकालच्या पोरांना ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. स्वतः दुसरी शिकलेली. आम्ही पोरं म्हणायचो, 'आत्यानं स्टेशन बदललं.' तिच्यासमोर म्हणायचो. तीही हसायची.

'दुशेच्का' पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं, ही तर माझी आत्याच. अनेक वर्षं मी वर्गात तसंच सांगत आलो: आश्रितांना मत परवडत नाही, ज्याच्या घरचं मीठ त्याचंच मत, हाच या गोष्टीचा अर्थ. मुलांना पटायचं, मलाही पटायचं.

परवा पुन्हा वाचताना एक वाक्य दिसलं, जे तिथं पहिल्यापासूनच होतं. ओलेन्का ज्या घरात राहते ते घर तिचं स्वतःचं आहे. वडिलांनी मृत्युपत्रात तिच्या नावे केलेलं. म्हणजे ही आश्रित नाहीच. उलट बाकीचे तिचे भाडेकरू! कुकिन भाडेकरू, डॉक्टर भाडेकरू. शेवटी तर तो सहकुटुंब फुकट राहतो. पैशाची ददात नाही, डोक्यावर छप्पर आहे, हिशेबही चोख ठेवता येतो. चेकॉव्हनं सोपी कारणं एकेक करून काढून घेतलेली आहेत आणि मग हा स्वभाव समोर ठेवला आहे. माझ्या आत्यानं भावांची मतं उचलली, ती भीतीपोटी असतील किंवा कृतज्ञतेपोटी. ओलेन्का कुणाला भीत नाही. तिला दुसऱ्याचं जगणं हवं असतं, जसं कुणाला हवा लागते. का? ते गोष्टीत नाही. शोधलं तरी सापडत नाही. आणि मला आता वाटतं, ते सापडलं असतं तर आपण गोष्ट मिटून बाजूला ठेवली असती.

मोपासाँच्या 'हार' या प्रसिद्ध गोष्टीशी ताडून पाहा. १८८४ ची गोष्ट. उसना आणलेला हार हरवतो, तो भरून देण्यासाठी नवरा-बायको दहा वर्षं राबतात आणि शेवटी कळतं, की मूळ हार खोटाच होता. धक्का जबरदस्त आहे, कारागिरीला तोड नाही. पण शेवटच्या ओळीत कुलूप लागतं. 'दुशेच्का'च्या शेवटच्या ओळीला कुलूप नाही, आणि तिथं मी स्वतः बराच काळ चुकलो होतो.

साशा झोपेत ओरडतो, तो कुणाला तरी दमात घेऊन हाकलतो. मी इंग्रजीत वाचत होतो, आणि मला खात्री होती, की पोरगं झोपेत ओलेन्कालाच हाकलतंय. इतकी माया, आणि त्याला ती नकोशी! वर्गात हे सांगितलं की शांतता पसरायची. पुढं रशियन जाणणाऱ्या एका स्नेह्यांनी मूळ शब्द दाखवले. तिथलं 'निघ इथून' अशा अर्थाचं रूप पुल्लिंगी आहे, आणि लगेच मारामारी करू नकोस असंही आहे. इंग्रजीत हा भेद दिसत नाही. मराठीत मात्र दिसतो. तो 'चालता हो' म्हणतोय, 'चालती हो' नव्हे. म्हणजे पोरगं स्वप्नात शाळेच्या मैदानात आहे, कुणा दांडगटाशी भांडतंय. ओलेन्काला तो हाकलत नाही. त्याच्या स्वप्नात ती नाहीच. आणि आजवर जवळच्या प्रत्येकाचं बोलणं जिनं उचललं, तिला हे शेवटचं बोलणं मात्र उचलता येत नाही. तिच्या कानावर ते पडलं की नाही, हेही चेकॉव्ह सांगत नाही.

आमच्या गावातल्या वाचनालयात आम्ही काही मंडळी महिन्यातून एकदा जमतो आणि एखादी गोष्ट मोठ्यानं वाचतो. मागं तिथं मी ही गोष्ट मराठीत सांगत सांगत वाचली. पाऊण तास लागला. नंतर चांगलीच जुंपली. एक निवृत्त परिचारिका म्हणाल्या, पोराला जीव लावणारं कुणी तर मिळालं, आईबापांना त्याची पडलेली नाही. दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, अहो पण त्या पोराचा कोंडमारा बघा ना, रस्त्यात मागं मागं काय जायचं! एका गृहस्थांना शेवटपर्यंत तारेचीच काळजी. त्यांचं म्हणणं, आज नाही आली तरी उद्या येणारच, आई आहे ती. कुणीही विशेषणं सांगितली नाहीत. सगळे ओलेन्काबद्दल असं बोलत होते, जणू ती मागच्या गल्लीत राहते.

कडेला एक वयस्कर बाई बसल्या होत्या. त्या दर महिन्याला येतात, बोलत नाहीत. सगळे उठू लागले तेव्हा त्या मला म्हणाल्या, "ती एकटी असताना मांजर येऊन अंगाला घासते, तर तिनं तिला झिडकारलं. ते काही मला आवडलं नाही."

घरी येऊन मी ते पान काढलं. काळी मांजर, रिकाम्या वर्षांतली. मायेनं जवळ येते आणि ओलेन्का वैतागून तिला हाकलते, कारण तिला हवी ती ही माया नव्हे. पुढची पानं उलटली. साशा आवारात पाऊल टाकतो तो थेट त्या मांजरीकडे धावतो, तिच्याबद्दलच पहिलं बोलतो, आणि ओलेन्काचं मन तिथंच पाघळतं. इतक्या वेळा वाचूनही माझ्या कुठल्याही उत्तरात ती मांजर आलेली नव्हती.